गिबस चांद

दोधू शिंपी शहाद्याच्या बाजारपेठेत सदरे, बंड्या आणि कोट शिवायचा. गोमाई नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं लहानसं दुकान होतं, पुढे लाकडी फळी आणि वर पत्र्याची झापड. संध्याकाळी बाजार ओसरू लागला की तो झापड खाली ओढायचा आणि नदीच्या वाळूत जाऊन एका कुशीवर निजायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, दमलाय बिचारा. तो दमलेला असायचाही, पण तिथे तो चंद्र बघायला जायचा.

उताणं निजणं त्याला शक्य नव्हतं. सात-आठ वर्षांचा असताना म्हसावदला त्याला ताप भरला तो उतरेचना. ताप गेला तेव्हा पाठीचा कणा मधोमध वर आला होता आणि मान पुढे झुकली होती. बापाने, वाहरू शिंप्याने, वैदू केले, लेप लावले, बामखेड्याच्या एका म्हाताऱ्याकडून पाठ चोळून घेतली. पाठ होती तशीच राहिली. गल्लीतली पोरं त्याला कुबड्या म्हणू लागली आणि थोड्याच दिवसांत त्याचं दोधू हे नाव घरापुरतं उरलं.

आई, धनुबाई, त्याला मांडीवर घेऊन म्हणायची, "बैलना पाठवर बी वशिंड ऱ्हास. त्याले कोन हासस?"

दोधूला ते पटायचं आणि पटायचंही नाही. बैलाला सगळ्या बैलांसारखंच वशिंड असतं. माणसांत मात्र तो एकटा होता.

वाकलेल्या माणसाला जमीन भरपूर दिसते. दोधूला मुंग्यांच्या वाटा ठाऊक होत्या, कोणाच्या वहाणेचा अंगठा तुटलाय ते तो पायांवरून सांगायचा. आभाळासाठी मात्र त्याला आडवं व्हावं लागे. म्हसावदच्या अंगणात बाजेवर कुशीवर पडून त्याने लहानपणापासून आभाळ पाहिलं, आणि त्यात त्याला सगळ्यात जवळचा वाटला तो चंद्र. त्यातही कोर नव्हे, पुनवेचा नव्हे. अष्टमी उलटली की चंद्र अर्ध्याच्या पुढे जातो, एका बाजूने गोल असतो आणि दुसऱ्या बाजूने फुगत जातो, पोट आल्यासारखा. दुपार कलताना तो पूर्वेकडे फिकट, ताकासारखा दिसायला लागतो. सूर्य अजून रानावर असतो, गुरं परतत असतात, आणि वर तो अवघडलेला, अपुरा, कोणी न बोलावता लवकर आलेला. दोधू त्याच्याकडे बघत राही आणि त्याला झोपेसारखं काहीतरी व्हायचं, डोळे उघडे ठेवून.

एकदा त्याने विचारलं होतं, "माय, ह्या चांदले काय म्हणतस?"

"नवमीना चांद. दुसरं काय?"

"नवमी ते दिननं नाव शे. चांदनं काय?"

धनुबाई भाकरी थापत होती. थोडा वेळ तिने विचार केल्यासारखं केलं. "चांद ते चांद," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दोधूचं शिवण्याचं शिक्षण बापाकडे झालं. वाहरूला वाटलं होतं, पोरगा निदान काजं करील, बटणं लावील. पण दोधूच्या हाताला बेतण्याचं अंग होतं. पहिल्यांदा त्याने बेतला तो स्वतःचा सदरा. तोवर आई त्याला थोरल्या भावाचे जुने सदरे घालायची. ते मागून वर चढायचे, पुढे गुडघ्यापर्यंत लोंबायचे, गळ्याला आवळायचे. दोधूने जुनं धोतर घेऊन पाठीचा भाग पुढच्यापेक्षा लांब कापला, खांद्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना तिकोनी कापडाच्या कळ्या घातल्या, मान पुढे येते तिथे गळा खाली उतरवला. तीनदा उसवला, तीनदा टाचला. शेवटी अंगात घालून तो बापासमोर उभा राहिला तेव्हा वाहरूने त्याला दोनदा वळायला लावलं. मग त्याने सुईतला दोरा तोडला आणि म्हणाला, "खांदावर चुनी पडनी नही."

दोधूने आयुष्यात ऐकलेलं ते पहिलं कौतुक.

बाप गेल्यावर म्हसावदचं घर थोरल्या भावाकडे राहिलं आणि दोधू आईला घेऊन शहाद्याला आला. कापसाचा व्यापार वाढत होता, जिनिंगचे भोंगे ऐकू यायचे, लोकांना शिवलेला कपडा घालायची हौस लागली होती. दोधूचं बरं चाललं. लग्नाचा विषय मात्र घरात निघेनासा झाला होता. आईने दोन-तीन ठिकाणी शब्द टाकून पाहिला होता आणि मग टाकायचं सोडलं होतं.

शहाद्याच्या शाळेत तेव्हा इंग्रजीचे वर्ग नव्याने निघाले होते आणि ते शिकवायला सुरतेकडून रतिलाल मास्तर आले होते. शिडशिडीत, चष्मा लावणारे, एकटे. सुट्टीहून परतताना तापीच्या खोऱ्यातली रेल्वे धरून नंदुरबारपर्यंत यायचे आणि तिथून बैलगाडीने शहाद्याला. घरी गुजराती बोलत वाढले होते; मराठी ते पुस्तकातून शिकले होते, म्हणून ती बोलताना जरा इस्त्री केलेली वाटायची. शाळेत तपासणीसाठी वरचे साहेब येणार म्हणून त्यांना कोट हवा होता. दोधूने स्टुलावर चढून त्यांच्या खांद्यांचं माप घेतलं. मास्तर माप देताना भिंतीवरच्या टाचण्या बघत उभे राहिले आणि त्यांनी दोधूच्या पाठीकडे एकदाही वळून पाहिलं नाही. दोधूच्या ते लक्षात आलं.

कोट अंगावर चढला त्याच संध्याकाळी मास्तर तो घालून नदीवर फिरायला आले. फाल्गुनातली नवमी-दशमी असेल. गोमाईचं पाणी आटून एका अंगाला गेलं होतं आणि उरलेल्या वाळूवर ऊन पसरलं होतं. वाळूत कोणी आडवं पडलेलं पाहून ते घाईने जवळ आले.

"दोधूभाई, बरं नाही का?"

"बरं शे, मास्तर. चांद देखी ऱ्हायनू. उभा ऱ्हाईसन मन्ही मान वर जात नही."

मास्तरांनी वर पाहिलं. ऊन असताना चंद्र बघायची त्यांना सवय नव्हती. तो सापडायला त्यांना वेळ लागला. मग रुमाल वाळूत पसरून, नवा कोट सांभाळत, ते शेजारी बसले. पलीकडच्या काठावर कोणीतरी बैल धूत होतं आणि पाण्याचा आवाज उशिरा येत होता.

"याला आपल्यात नाव नाही, मास्तर," दोधू म्हणाला, मास्तरांशी बोलायचं म्हणून जरा शाळेतली भाषा करून. "कोर आहे, पुनव आहे. हा असा मधला, फुगेल, त्याले नाव नही."

"इंग्रजीत आहे," मास्तर म्हणाले. "गिबस. गिबस मून म्हणतात."

"गिबस." दोधूने शब्द तोंडात धरून ठेवला. दोनदा-तीनदा म्हणून पाहिला. "त्याना अर्थ काय?"

"अर्थ हाच. अर्ध्याहून मोठा आणि पुऱ्याहून लहान, असा चंद्र."

"तसं नही. देखा, भाकरीनी बी कोर ऱ्हास. पहिले भाकरीनी व्हई, मंग चांदनी. तसं ह्या शब्दले चांदना पहिले काय अर्थ व्हता?"

मास्तर हसले. वर्गात असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "बघून सांगतो," ते म्हणाले.

शाळेतल्या जाड शब्दकोशात त्यांनी दुसऱ्या दिवशी तो शब्द काढला, वाचला आणि पुस्तक मिटलं. त्या दिवशी संध्याकाळी ते नदीवर गेले नाहीत. नंतरही गेले नाहीत. घरी जाताना दोधूचं दुकान लागायचं, तर ते दोन गल्ल्यांचा वळसा घालून जाऊ लागले.

दोधूला वाटलं, कोट बिघडला. डावा खांदा जरा उतरता आहे मास्तरांचा, तिथे आपण कापूस भरायला हवा होता. बाहेर लोकांत कोणी हसलं असेल. त्याला रात्री जेवण गोड लागेना. आई विचारी, काय झालं, आणि तो म्हणे, काही नाही. पुनव गेली, चंद्र आटला, पुन्हा कोर झाला, पुन्हा फुगायला लागला. अखेर एका दुपारी दोधू शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभा राहिला. पोरं त्याच्या बाजूने वाहून गेली. मास्तर बाहेर आले, त्याला पाहून थबकले.

"कोट खांदावर वढस का, मास्तर?" दोधूने विचारलं. "आना, उसवी देस."

"कोट छान आहे," मास्तर म्हणाले. "साहेबांनीसुद्धा विचारलं, कुठे शिवला म्हणून."

"मंग तुम्ही वाट काबरं बदली?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते दोधूबरोबर चालायला लागले आणि बोलले ते थेट नदीवर पोचल्यावर.

"त्या शब्दाचा पहिला अर्थ तुम्ही विचारला होता. तो चंद्र नाही."

"मंग?"

"कुबड." मास्तर पाण्याकडे बघत म्हणाले. "पाठीला उंचवटा असलेला माणूस. फार जुन्या काळी लॅटिन नावाच्या भाषेत पाठीवरच्या उंचवट्याला तो शब्द होता. तिथून इंग्रजीत आला. टेकाडाला लावतात, फुगीर शिंपल्याला लावतात आणि पुढे चंद्राला लावला. मला माहीत नव्हतं, दोधूभाई. माहीत असतं तर तुमच्यापुढे तो शब्द काढला नसता."

दोधू खाली वाळूकडे बघत होता. वाळूत चकचकीत अभ्रकाचे कण होते. तो हळूच खाली बसला, मग एका कुशीवर आडवा झाला. चंद्र वर होता, अष्टमीच्या पुढचा, जेमतेम फुगायला लागलेला. मास्तर उभेच राहिले. बसावं की जावं हे त्यांना कळेना.

"म्हणजे पहिले मानूस, मंग चांद," दोधू म्हणाला.

"हो."

"त्या लोकेस्नी वर चांदकडे देखं, आन त्यास्ले कुबड्या मानूस याद उना."

मास्तरांनी असा विचार केला नव्हता. "हो," ते म्हणाले, "तसंच झालं असणार."

दोधूच्या मनात एक माणूस आला होता, कुठल्या तरी लांबच्या मुलखातला, हजारो वर्षांपूर्वीचा, असाच वाकलेला, कदाचित शिंपीच. त्याच्या गल्लीतल्या कोणीतरी संध्याकाळी आभाळाकडे बोट दाखवून म्हटलं असेल, बघा, आपल्या अमक्यासारखा. आणि लोकांनी मान्य केलं असेल. दोधूला त्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं, तोंड ठाऊक नव्हतं, पण त्याची पाठ अगदी डोळ्यांसमोर दिसत होती. अंधार पडायच्या आत तो उठला तेव्हा मास्तरही कधीतरी शेजारी येऊन बसलेले होते.

आईला त्याने सांगितलं. धनुबाई म्हातारी झाली होती, तिला लॅटिन म्हणजे काय ते समजलं नाही. "गोरा लोकेस्मा बी कुबडं ऱ्हास का?" तिने विचारलं, आणि असतं म्हटल्यावर तिला बरं वाटलं.

शब्द बाजारात कसा पोचला कोण जाणे. वाळूतलं बोलणं कोणीतरी ऐकलं असेल. उन्हाळा संपायच्या आत इंग्रजीच्या वर्गातली पोरं दुकानावरून जाताना "गिबस, गिबस" ओरडायला लागली. मास्तरांच्या कानावर आलं तेव्हा ते लाजेने लाल झाले आणि दोघातिघांना त्यांनी बाकावर उभं केलं. दोधूने त्यांना तसं करू नका म्हणून सांगितलं. त्याने पोरांना दुकानात बोलावलं, चिंध्यांचा एक चेंडू करून दिला आणि गिबस म्हणजे काय ते त्यांना नीट समजावून दिलं, चंद्रासकट, टेकाडासकट. पोरांची गंमतच गेली. पण शब्द राहिला. एका बाजूने फुगलेला डांगरभोपळा गिबस झाला, नीट न बसलेली गुळाची ढेप गिबस झाली, घडवताना बिघडलेलं मडकं कुंभार गिबस म्हणून बाजूला ठेवू लागला. काही वर्षांनी बाजारात आलेल्या नव्या माणसाला तो आपल्याच भाषेतला जुना शब्द वाटायचा.

कमलबाई दोधूकडे काजं-बटणं करायला आली ती त्याच उन्हाळ्यात. ती त्याच्याच जातीतली, अहिर शिंप्यांची. नवरा पटकीत गेला होता आणि ती भावाकडे राहत होती. बोलायची कमी, पण काम करताना तोंडातल्या तोंडात ओव्या म्हणायची. दोधूशी ती कामापुरतं बोलायची. एकदा दुपारी पोरांचा आवाज ऐकून तिने विचारलं, हे काय म्हणतात. दोधूने सांगितलं. सांगताना त्याला वाटलं, ही हसेल. ती काज पुरं करून, दोरा दाताने तोडून म्हणाली, "तो चांद मी बी देखस. सकायले पानी भराले जास तव्हय. पन तो उलटा ऱ्हास. तुम्हना चांदनी पाठ तथी, मन्हा चांदनी अथी."

दोधूने हातातली कात्री खाली ठेवली. सकाळचा चंद्र त्याने कधी पाहिलाच नव्हता. पुनव उलटली की त्याला तो उशिरा उगवतो म्हणून दिसेनासा व्हायचा आणि दोधूच्या लेखी तो संपायचा. त्या दिवशी मास्तर दुकानात आले तेव्हा त्याने विचारलं, उतरता चंद्रही गिबस का. मास्तर म्हणाले, दोन्ही. वाढणारा आणि उतरणारा, अर्ध्याहून मोठा असेपर्यंत दोन्ही गिबस.

कृष्णपक्षातल्या एका सकाळी दोधू गोमाईवर गेला. कमलबाई घागर घेऊन येत होती. पश्चिमेला, नदीपलीकडच्या बाभळींच्या वर, पांढरा चंद्र होता, झिजलेल्या बाजूने मऊ झालेला, आणि मागून ऊन येत होतं. दोधूने वाळूत कुशीवर निजून तो पाहिला. कमलबाई घागर टेकवून थांबली. पाण्यावरून धूर निघत होता आणि घाटावर कोणी नव्हतं, आणि दोधूला वाटलं की आपण अजून झोपेतच आहोत, म्हसावदच्या अंगणात, ताप यायच्या आधीच्या दिवसांत.

त्यानंतर विचारणारी कमलबाईच. दुकानात दुपारी, कापड पुढे सरकवताना. "तुम्हनी माय थकनी. घरमा दळाकांडाले कोन शे?"

दोधूला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने मान खाली घातली, होती त्याहून खाली. "लोके हासतीन," तो म्हणाला.

"हासू द्या. हासीहासीसन थकतीन, मंग आपापला घर जातीन."

पाटाचं लग्न लागलं ते साधंच, चार माणसांत. थोरला भाऊ म्हसावदहून आला नाही. रतिलाल मास्तर कोट घालून आले आणि त्यांनी साखरेची पुडी आणली. धनुबाई सुनेच्या हातची भाकरी वर्षभर खाऊन गेली. त्याच्या पुढच्या साली मुलगी झाली. सुईणीने बाळ बाहेर आणलं तरी दोधू हात पुढे करेना. कमलबाईने आतून हाक मारली तेव्हा त्याने बाळाच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत एक बोट फिरवलं. पाठ सरळ होती, उन्हात ठेवलेल्या ताटासारखी गरम. मग त्याने तिला घेतलं. नाव ठेवलं नानी.

दोधूचं नाव आसपास व्हायला लागलं ते वेगळ्याच गिऱ्हाइकांमुळे. ज्यांच्या अंगावर कोणाचाही कपडा नीट बसत नाही, अशी माणसं त्याच्याकडे येऊ लागली. एक खांदा खाली आलेला हमाल. म्हातारपणाने दुमडलेली कोणाची आजी. हात कोपरापासून थिटा असलेली प्रकाशा गावची एक बाई, जिला चोळी शिवून घ्यायची लाज वाटायची. तिचं माप कमलबाईने आत घेतलं. दोधू कोणाचं व्यंग झाकायचा नाही, त्यासाठी कापूस भरायचा नाही. तो कापडाला त्या अंगावर नीट बसायला शिकवायचा.

काठी गावचा रायसिंग मात्र कपड्यासाठी आलाच नव्हता. सातपुड्यातून डिंक आणि चारोळी घेऊन तो बाजाराला यायचा आणि सावली म्हणून दुकानाच्या झापडीखाली बसायचा. उंच, काटक माणूस. उन्हाळ्यातही अंगाला कांबळं गुंडाळलेलं. एकदा वाऱ्याने ते सरकलं आणि दोधूला दिसलं. डावा खांदा जवळजवळ नव्हताच, मांस गेलेलं, हाड आत ओढलेलं, कातडी झाडाच्या सालीसारखी. अस्वलाने धरला होता. घरी तो भिली बोलायचा. बाजारापुरती अहिराणी त्याला येत होती.

"बंडी शिवी देस," दोधू म्हणाला.

"मले कपडा नको. कांबळं बस शे."

"माप ते घेऊ दे."

रायसिंगने कांबळं घट्ट धरलं आणि तो उठायलाच लागला. दोधूने मग आपला सदरा मागून वर उचलला. बाजारात, फळीसमोर, लोक जात-येत असताना. त्याने असं कधीच केलं नव्हतं. कमलबाई आतून बघत जागच्या जागी थांबली.

"पहिले मन्ही पाठ देख," तो म्हणाला. "हात लाव."

रायसिंगने पाहिलं. मग त्याने हात लावला, ओळखीच्या गुराला लावावा तसा, पूर्ण तळवा. बराच वेळ हात तिथे होता. मग तो स्टुलावर बसला आणि त्याने कांबळं खाली सोडलं.

ती बंडी करायला दोधूला महिना लागला. रायसिंग बाजाराला यायचा, अंगावर घालून बघायचा, हात वर करायचा, आणि कापड ओढायचं. पुन्हा उसवायचं. डाव्या काखेत एक कळी घातली, मग दोन. खांद्याची शिवण पुढे सरकवली. शेवटच्या बाजाराला रायसिंगने दोन्ही हात डोक्यावर नेले, खाली आणले, पुन्हा नेले. आभार वगैरे काही मानले नाहीत. कांबळं घडी करून खांद्यावर टाकलं आणि जाताना म्हणाला, "होळीले काठी ये. बायकोले बी आन."

माघ सरला आणि फाल्गुन लागला. नानीला शेजाऱ्यांकडे ठेवून दोधू आणि कमलबाई निघाले. अक्कलकुव्यापर्यंत बैलगाडी मिळाली, पुढच्या डोंगरासाठी रायसिंग तट्टू घेऊन उभा होता. सागाची पानं गळून वाटेवर पडली होती आणि तट्टाच्या पायांखाली कडकडत होती. दोधूला दम लागायचा, म्हणून ते थांबत थांबत गेले. जसजसे वर गेले तसतसे खालचे ढोल ऐकू येईनासे झाले आणि वरचे येऊ लागले, एका डोंगरावरून, मग दुसऱ्यावरून, जणू डोंगरच एकमेकांना हाका मारताहेत.

पोचले तेव्हा सूर्य मावळत होता. माळावर माणसंच माणसं. अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि सुके भोपळे. कोणी अस्वल झालं होतं, कोणी वाघ. पूर्वेच्या डोंगरामागून चंद्र वर आला होता, पुरा व्हायला नखाएवढा उणा. दोधू एका दगडावर बसला. प्रवासाने त्याचं डोकं हलकं झालं होतं, आणि त्या उजेडात, त्या रंगवलेल्या अंगांमध्ये, आपण कुठून आलो हे त्याला क्षणभर आठवेना.

फुलीबाई नावाची एक म्हातारी, रायसिंगची चुलती, काठी टेकत त्याच्याजवळ आली. तिने त्याची पाठ निरखून पाहिली, बोटाने दाबून पाहिली आणि काहीतरी विचारलं. रायसिंगने सांगितलं, "ती इचारस, हाई काय बांधेल शे?"

दोधूला हसू आलं. "बांधेल नही. मन्हंच शे."

रायसिंगने तिला सांगितलं. म्हातारीने मान डोलावली, पुन्हा एकदा पाठीवर हात फिरवला, आणि एवढं छान सोंग आयतं मिळालेल्या माणसाकडे बघावं तसं कौतुकाने त्याच्याकडे बघून ती पुढे गेली. कमलबाई पदर तोंडाला लावून हसत होती. दोधूही हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग ढोल जवळ आले आणि रायसिंग नाचायला उतरला. अस्वलाने धरल्यापासून तो होळीला नाचला नव्हता, हे दोधूला मागाहून कळलं. बंडी अंगावर, कमरेला घुंगरं. सगळे माणसाला बघत होते. दोधू शिवण बघत होता. रायसिंगचा हात वर गेला, गोल फिरला, खाली आला. कापड त्याच्याबरोबर गेलं आणि त्याच्याबरोबर आलं. कुठे ओढलं नाही. दोधूने कमलबाईचा हात धरला, चारचौघांत, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

पुढची वर्षं सरळ गेली. रतिलाल मास्तरांची बदली झाली आणि ते नवापूरकडे गेले. जाताना त्यांनी दोधूकडून आणखी एक कोट शिवून घेतला. नानीचं लग्न झालं. लढाई आली आणि कापड मिळेनासं झालं. लोक जुने कोट आणून उलटे करून शिवून मागू लागले, बायका लुगड्याच्या पदरातून पोरांचे सदरे काढून घेऊ लागल्या. दोधूचा दम तेव्हा फार वाढला होता. पुढे वाकलेल्या छातीत हवा मावेना. पायाने मशीन चालवणं सुटलं आणि तो दुकानाच्या मागच्या खोलीत बाजेवर उशांना टेकून बसू लागला. गिऱ्हाइकं बाहेरून त्याला हाक मारायची, तो आतून उत्तर द्यायचा.

एका दुपारी म्हसावदहून एक भिकुबाई नावाची म्हातारी आली. कमरेतून पार वाकलेली, नातवाच्या लग्नाला चोळी हवी होती, आणि तिने आणलेलं कापड जेमतेम हातभर. आतून दोधू सांगू लागला, पाठ लांब धर, गळा उतरव. कमलबाईने ऐकून घेतलं. मग तिने कापड दोनदा फिरवून पाहिलं आणि भलत्याच दिशेने, तिरपं, कात्री घातली. दोधू उशीवरून पुढे झाला. म्हणणार होता, वाया गेलं. पण कात्री थांबली नाही, आणि चोळीचे भाग फळीवर मांडले तेव्हा बाह्यांपुरतंही कापड शिल्लक होतं.

"हाई तू कधी शिकनी?" त्याने विचारलं.

"तुम्ही निजेल व्हतात तव्हय," कमलबाई म्हणाली आणि भिकुबाईला हात वर करायला सांगितलं.